घरच्या म्हाताऱ्या मांजराला हाडाचा कर्करोग निघाला, तर

दहा-बारा वर्षांचे मांजर काही आठवडे लंगडत असते, उडी मारताना पाय मुरगळला असेल असे समजून घरचे वाट पाहतात, आणि एके दिवशी एक्स-रे पाहून डॉक्टर सांगतात की हाडात गाठ दिसते आहे व ती कर्करोगाची असू शकते. ज्यांच्यावर अशी वेळ पहिल्यांदाच आली आहे आणि ज्यांना आता एकामागून एक निर्णय घ्यायचे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उपचार डॉक्टरांनीच करायचे असतात. पण कोणत्या क्रमाने काय विचारावे आणि घरी काय करावे, हे माहीत असले तर मांजराचे हाल बरेच कमी होतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. हाडाच्या कर्करोगाविषयी आपल्या कानावर आलेले असते ते बहुतेक कुत्र्यांच्या अनुभवातून आलेले असते, आणि ते मांजराला लागू पडत नाही. हाडात उगम पावणारा सर्वांत नेहमीचा कर्करोग म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. कुत्र्यांमध्ये तो कळतो तेव्हाच दहापैकी नऊ जणांत त्याच्या सूक्ष्म पेशी शरीरात इतरत्र, विशेषतः फुफ्फुसात, पोहोचलेल्या असतात. केवळ पाय काढून थांबले तर निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांतच जातात. मांजरांमध्ये हा आजार मुळात दुर्मीळ आहे आणि तो पसरण्याचे प्रमाण ५ ते १० टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले आहे. गाठ पायात असेल आणि पाय वेळेवर काढला, तर निम्म्याहून अधिक मांजरे दोन वर्षे किंवा त्याहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत, आणि बहुतेकांना त्यानंतर केमोथेरपीची गरजही पडत नाही. त्यामुळे “हाडाचा कॅन्सर आहे, आता काही उपयोग नाही” असे कोणी सांगितले, तर गाठ नेमकी कोणती आणि नेमकी कुठे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या वाक्यावर कोणताही निर्णय घेऊ नये.

पहिली पायरी: वेदना थांबवणे

तपासण्यांचे अहवाल यायला आठवडा-दोन आठवडे जातात. तेवढे दिवस मांजराने दुखणे सोसत राहण्याचे काहीच कारण नाही, म्हणून पहिल्याच भेटीत वेदनाशामक औषधाचा विषय काढावा. मांजर ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असा समज फार घरांत असतो. हाडाची वेदना तीव्र असते, पण मांजर ती लपवते. ओट्यावर किंवा खिडकीत उडी न मारणे, कमरेकडचे केस चाटून साफ न केल्यामुळे त्यांच्या गुठळ्या होणे, पलंगाखाली बसून राहणे, कडा ओलांडताना त्रास होतो म्हणून ट्रेच्या बाहेरच शी-शू करणे, उचलायला गेल्यावर फिस्कारणे, या सगळ्या वेदनेच्या खुणा आहेत. “आता वय झाले” म्हणून त्या सोडून देऊ नयेत.

चेहरा वाचण्याची एक पद्धत माँट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली असून ती घरीही वापरता येते. मांजर जागे आहे, पण खात किंवा अंग चाटत नाही, अशा वेळी समोर बसून पाच गोष्टी पाहायच्या. कान पुढे ताठ आहेत, की बाहेरच्या बाजूला वळून एकमेकांपासून लांब गेले आहेत? डोळे उघडे आहेत, की आवळून बारीक केलेले आहेत? नाकातोंडाचा गोल भाग सैल आहे, की ताणून लांबट झाला आहे? मिश्या सैल वळणदार आहेत, की सरळ होऊन पुढे आल्या आहेत? डोके खांद्यांच्या वर आहे, की खाली झुकले आहे? प्रत्येक गोष्टीला ०, १ किंवा २ गुण द्यायचे. दहापैकी ४ किंवा अधिक गुण झाले, तर वेदनाशामक देण्याची किंवा वाढवण्याची वेळ आली आहे असे समजून डॉक्टरांना फोन करावा. रोज ठरावीक वेळी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला, तर आठवड्याभरातला फरक स्वतःलाही दिसतो आणि डॉक्टरांनाही दाखवता येतो.

आता याच पायरीवरचा सर्वांत मोठा धोका. आपल्या घरातली कोणतीही वेदनाशामक गोळी मांजराला देऊ नये. पॅरासिटामॉल पचवण्यासाठी यकृतात लागणारी यंत्रणा मांजराकडे फारच तोकडी असते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. अशी गोळी पोटात गेली, तर काही तासांतच हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, चेहरा व पंजे सुजतात आणि धाप लागते. त्यावर उतारा आहे, पण तो तातडीने द्यावा लागतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन हीदेखील अशीच दूर ठेवावीत. बाहेरून चोळण्याची औषधेही निरुपद्रवी नसतात. बाम, कापूर घातलेले तेल किंवा सांधेदुखीवर सर्रास वापरले जाणारे गंधपुऱ्याचे तेल दुखऱ्या पायाला लावले, की मांजर ते चाटून पोटात घेते. गंधपुऱ्याच्या तेलात ॲस्पिरिनच्या जातकुळीतले द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. हे उपाय सुचवणारी माणसे मायेनेच सुचवतात, तरीही ठामपणे नाही म्हणावे.

मांजरासाठी डॉक्टर सहसा मेलॉक्सिकॅम, गॅबापेंटिन, ब्युप्रेनॉर्फिन यांपैकी एक किंवा अधिक औषधे निवडतात. मेलॉक्सिकॅमचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. युरोपात ते मांजरांना अगदी कमी मात्रेत दीर्घकाळ देण्यास मान्यता आहे, तर अमेरिकेत वारंवार देण्याविरुद्ध ठळक इशारा छापलेला असतो. म्हणून ते सुरू करण्याआधी रक्ततपासणी व्हावी. मांजराने खाणे सोडले किंवा त्याला उलट्या सुरू झाल्या, तर पुढची मात्रा न देता डॉक्टरांना विचारावे. गॅबापेंटिनने सुरुवातीला थोडी झिंग येते आणि चाल डुगडुगते, त्याने घाबरू नये. ब्युप्रेनॉर्फिन अमली पदार्थविषयक कायद्याखाली येत असल्यामुळे ते सहज मिळत नाही. मिळाले, तर ते गिळवायचे नसते: सुई काढलेली सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून गाल आणि दात यांच्यामधल्या खोबणीत थेंब सोडायचे, म्हणजे औषध तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. मांजराचे डोके वर करून धरू नये. तसे केले की ते औषध गिळते आणि परिणाम कमी होतो.

दुसरी पायरी: गाठ कोणती, हे पक्के करणे

एक्स-रे संशय निर्माण करतो, निदान करत नाही. हाडाचा जंतुसंसर्ग, बुरशीचा संसर्ग आणि जुना न जुळलेला अस्थिभंग हेही एक्स-रेवर असेच दिसू शकतात, आणि त्यांचे उपचार पूर्णपणे वेगळे असतात. उलट बाजूने, साध्या उडीत किंवा सोफ्यावरून उतरताना हाड मोडले असेल, तर ते आधीच गाठीने पोखरलेले होते का, याची खात्री केल्याशिवाय प्लेट बसवण्याची घाई होऊ देऊ नये.

दोन ठिकाणी विशेष सावध राहावे लागते. पहिले ठिकाण म्हणजे पंजाची बोटे. म्हाताऱ्या मांजराचे बोट सुजले, नख वाकडे वाढले किंवा एकाहून अधिक बोटे दुखू लागली, तर मूळ गाठ फुफ्फुसात असून ती बोटांकडे पसरलेली असण्याची शक्यता असते. अशा मांजराचे बोट काढून काही साधत नाही, म्हणून छातीचा एक्स-रे आधी झाला पाहिजे. दुसरे ठिकाण म्हणजे जबडा. मांजरांच्या तोंडातला सर्वांत नेहमीचा कर्करोग हाडाचा नसून तोंडाच्या अस्तराचा, म्हणजे स्क्वेमस सेल कार्सिनोमा, असतो आणि तो जबड्याच्या हाडात घुसतो. दात हलायला लागणे, तोंडाला दुर्गंधी येणे आणि लाळेत रक्त दिसणे या खुणा दातांच्या आजाराच्या वाटतात, आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

म्हणून डॉक्टरांकडे पुढील तपासण्यांची चौकशी करावी: दुखऱ्या भागाचा दोन बाजूंनी एक्स-रे, छातीचा तीन बाजूंनी एक्स-रे, रक्ताची पूर्ण तपासणी, त्यात मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड, लघवीची तपासणी, रक्तदाब, आणि पूर्वी केली नसेल, तर मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची तपासणी. कवटी, पाठीचा कणा किंवा कमरेचे हाड यांत गाठ असेल, तर सीटी स्कॅनशिवाय तिची खरी व्याप्ती कळत नाही.

बायॉप्सीविषयी लोक घाबरतात, कारण सुई लावली की कॅन्सर पसरतो असे त्यांनी ऐकलेले असते. त्या भीतीपोटी निदान टाळू नये. मात्र बायॉप्सीचा छेद कुठे घ्यायचा, हे पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवावे, कारण ती जागा नंतर गाठीबरोबर काढून टाकायची असते. पोखरलेल्या हाडाचा तुकडा काढताना ते मोडण्याचीही शक्यता असते. त्यामुळे बारीक सुईने पेशी काढून आधी पाहावे का, असा प्रश्न जरूर विचारावा. पाय वाचणारच नाही इतके हाड गेले असेल आणि मांजर असह्य वेदनेत असेल, तर काही सर्जन आधी पाय काढून तोच पॅथॉलॉजीकडे पाठवण्याचा सल्ला देतात, आणि अशा स्थितीत तो योग्य असतो.

गावातल्या दवाखान्यात या सगळ्या सोयी नसतील. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय व त्याच्या आवारातले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे रुग्णालय, तसेच नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये यांचा विचार करता येतो. कोकणातून किंवा गोव्यातून येणाऱ्यांनी आधी फोन करून एक्स-रे पाठवावा, हाडांची शस्त्रक्रिया आणि मांजरांची भूल यांचा अनुभव असलेले डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारावे, आणि मगच प्रवास करावा. दुखऱ्या मांजराला सहा-आठ तास पिंजऱ्यात बसवून नेणे आणि डॉक्टर रजेवर असल्याने परत आणणे, हे टाळता येण्यासारखे हाल आहेत.

तिसरी पायरी: गाठीच्या जागेवरून पुढचे ठरवणे

गाठ पायाच्या लांब हाडात असेल, आणि मांजरात ती बहुधा मागच्या पायात, गुडघ्याच्या आसपास असते, तर पाय काढणे हाच सर्वांत चांगला उपचार आहे. हे ऐकून घरातले बहुतेक जण “इतक्या वयात त्याला कशाला लंगडे करायचे” असे म्हणतात. त्यांच्या भावनेचा मान राखूनही सांगावेसे वाटते की मांजर आपल्या पायाकडे आपल्यासारखे पाहत नाही. तो पाय त्याने आठवडेच्या आठवडे टेकवलेला नसतो, ते तीन पायांवर चालायला आधीच शिकलेले असते, आणि पायाबरोबर जाते ती वेदना. छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल, बाकीचे तीन पाय धड असतील आणि हृदय व मूत्रपिंड भूल सहन करण्याजोगे असतील, तर केवळ वयाकडे बोट दाखवून या शस्त्रक्रियेला नकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाठ कवटी, जबडा, कणा किंवा कमरेच्या हाडात असेल, तर ती पूर्ण काढणे अवघड असते, आणि अशा मांजरांच्या आयुष्याचा अंदाज वर्षांऐवजी महिन्यांत, साधारण सहा महिन्यांच्या आसपास, सांगितला जातो. तो अंदाज आहे, मुदत नव्हे. खालच्या जबड्याचा काही भाग काढता येतो, पण त्यानंतर मांजराला खायला पुन्हा शिकावे लागते आणि काही काळ नळीने भरवावे लागते. ते घरातल्या माणसांना निभावेल का, याचा विचार आधी करावा. रेडिएशनने वेदना कमी होऊ शकते, मात्र प्राण्यांसाठी ती सोय आपल्याकडे सहजी मिळत नाही.

शस्त्रक्रियेआधी हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण मांजराच्या हृदयाचा आजार बाहेरून अजिबात न कळता असू शकतो. खर्चाचा अंदाज लेखी मागावा, त्यात भूल, रुग्णालयातले दिवस, पॅथॉलॉजी आणि नंतरची औषधे धरली आहेत का ते पाहावे. रात्री तिथे कोण थांबते, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. रक्त चढवावे लागले, तर रक्त देणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही मांजरांचे रक्तगट तपासणे अत्यावश्यक असते. मांजरांत चुकीच्या गटाचे रक्त पहिल्याच वेळी जीवघेणे ठरू शकते.

चौथी पायरी: पाय काढल्यानंतरचे घर

बहुतेक मांजरे एक-दोन दिवसांत उभी राहतात. घरी आणण्याआधी एक लहान खोली तयार ठेवावी. आपल्याकडची गुळगुळीत टाइल्सची फरशी तीन पायांच्या मांजराला सर्वांत त्रासदायक ठरते. पाय घसरला की ते हबकते आणि हालचालच सोडते. चटई, जुनी सतरंजी किंवा गोणपाट खाली सरकणार नाही अशा बेताने अंथरून बिछाना, पाणी आणि ट्रे यांना जोडणारी वाट करावी. ट्रेची पुढची कड कापून दोन-तीन इंचांवर आणावी आणि टाके असेपर्यंत वाळूऐवजी कागदाचे तुकडे घालावेत, म्हणजे वाळूचे कण जखमेला चिकटत नाहीत. टाके १० ते १४ दिवसांत काढतात. टाके चाटता येऊ नयेत म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर तोपर्यंत काढू नये. मांजराची काटेरी जीभ थोड्या वेळात टाके उसवू शकते.

जखमेभोवती थोडी सूज आणि काळेनिळेपणा अपेक्षित असतो. पू, वाढती सूज, दुर्गंधी किंवा टाक्यांतून सतत पाझर दिसला, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे. आधी धड असलेले मांजर अचानक उसळून उठते, पाय होता त्या जागेकडे वळून चाटते किंवा चावायला जाते, हे कापलेल्या नसांच्या दुखण्यामुळे होऊ शकते आणि त्यावर गॅबापेंटिनसारखे औषध चालते, म्हणून डॉक्टरांना ते सांगावे.

मागचा पाय गेलेल्या मांजरात एक गोष्ट हमखास दिसते. त्या बाजूचा कान खाजला, की ते डोके तिरके करते, डोळे मिटते आणि कमरेपाशी नसलेला पाय कान खाजवल्यासारखा हलू लागतो: मांडीचा उरलेला स्नायू लयीत थरथरतो, कानाला मात्र काहीच लागत नाही. अशा वेळी आपण बोटाने तो कान खाजवून द्यावा, आणि आठवड्यातून एकदा कापसाने पुसून तपासावा, कारण त्या बाजूची सफाई आता त्याला जमत नाही. पुढचा पाय गेला असेल, तर चेहऱ्याची तीच बाजू ओल्या कपड्याने पुसावी लागते.

वजन वाढू देऊ नये. उरलेल्या पायांवर तो भार पडतो. उंच जागी चढण्यासाठी मध्ये एक स्टूल किंवा खोका ठेवावा. गॅलरी आणि खिडक्यांना जाळी बसवावी, कारण उडीचा अंदाज पूर्वीसारखा राहत नाही. पहिले वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्यावा.

शस्त्रक्रिया करायची नसेल किंवा होण्यासारखी नसेल, तर

तोही उपचाराचाच मार्ग आहे, आणि तो निवडणाऱ्याने अपराधी वाटून घेऊ नये. वेदनाशामकांची सांगड वेळोवेळी बदलावी लागते. पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड ही हाडाची झीज रोखणारी औषधे सलाइनमधून देता येतात आणि काही मांजरांत दुखणे कमी होते. मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते.

खाण्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. मांजराने, विशेषतः जाड मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर यकृतात चरबी साठून दुसराच जीवघेणा आजार उभा राहतो, म्हणून एक पूर्ण दिवस उपाशी गेला की फोन करावा. खाणे किंचित कोमट केले की वास सुटतो आणि मांजर जवळ येते. चिकनचे पाणी द्यायचे तर ते मीठ, कांदा, लसूण आणि मसाला न घालता वेगळे उकळावे. कांदा-लसणामुळे मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात, त्यामुळे आपल्या भाजीतला रस्सा बाजूला काढून देणे चालत नाही. दुधाने पुष्कळ मोठ्या मांजरांना जुलाब होतात, त्यामुळे हळद-दुधाचा आग्रह धरू नये. मळमळ थांबवणारी आणि भूक वाढवणारी औषधे मिळतात, मिर्टाझापिन हे त्यांतले एक. जबरदस्तीने घास कोंबण्याआधी ती मागावीत. घास कोंबल्याने मांजर त्या अन्नाचा आणि भरवणाऱ्या हाताचाही धसका घेते.

शेवटचा निर्णय

अमेरिकी पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी तयार केलेल्या मोजपट्टीत सात गोष्टींना ० ते १० गुण देतात: वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. चांगल्या स्थितीला जास्त गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल, तर सांभाळ सुरू ठेवणे रास्त मानले जाते. हे गुण घरातल्या दोघांनी वेगवेगळे लिहून दर रविवारी ताडून पाहावेत. रोज मांजराच्या उशाशी बसणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही, ती कागदावर दिसते. वेदना आणि श्वास यांना मी बेरजेपेक्षा मोठे मानतो: औषधे वाढवूनही वेदना आटोक्यात नसेल किंवा धाप लागत असेल, तर बाकीचे गुण कितीही चांगले असोत, इच्छामरणाचा निर्णय लांबवू नये.

इच्छामरणाला आपल्याकडच्या अनेक घरांत पाप मानतात, आणि घरात वडीलधारी माणसे असतील, तर हा विषय ऐन वेळी न काढता आधीच, शांतपणे बोलावा. डॉक्टरांनाही त्या बोलण्यात घ्यावे. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, मांजर गाढ झोपते, आणि मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून देतात. काही मिनिटांत हृदय थांबते. त्यानंतर डोळे उघडेच राहतात, लघवी होऊ शकते आणि एखादा खोल श्वास घेतल्यासारखा धक्का बसू शकतो. ते जिवंतपणाचे लक्षण नसते, आणि मुले जवळ असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवावे. काही डॉक्टर घरी येतात. तशी सोय आहे का, हे वेळ येण्याआधीच विचारून नंबर लिहून ठेवावा.

अंत्यविधीचीही चौकशी आधी करावी. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय सुरू केली आहे. इतर शहरांत महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे विचारावे. अंगणात पुरायचे असेल, तर खड्डा तीन फुटांहून खोल आणि विहिरीपासून लांब असावा, कारण भुलीचे औषध शरीरात राहते आणि कुत्र्यांनी किंवा पक्ष्यांनी ते उकरून खाल्ले, तर त्यांनाही विषबाधा होते. घरात दुसरे मांजर असेल, तर त्याला देह हुंगू द्यावा, आणि पुढचे काही दिवस ते किती खाते यावर लक्ष ठेवावे. उरलेली औषधे दुसऱ्या मांजराला किंवा कुत्र्याला परस्पर न देता, चिठ्ठीसह डॉक्टरांकडे परत करावीत.